साडीच्या पुठ्ठ्यावरचा दवाखाना

नेमणुकीच्या पहिल्याच दिवशी मी एका ठणठणीत माणसाला इंजेक्शन दिलं. पेशंट त्याची सासू होती. ती शेजारी उभी राहून कौतुकानं बघत होती. तो स्टुलावर बसला होता आणि त्याचा चेहरा पडलेला होता. स्टुलावर बसलेला, चेहरा पडलेला माणूस म्हणजे पेशंट, एवढं निदान सहा वर्षं वैद्यकशास्त्र शिकल्यावर मला स्वतंत्रपणे करता येत होतं. त्यानंही बाही वर सरकवून मुकाट्यानं टोचून घेतलं. "अहो, बोललात का नाही?" असं मी नंतर विचारलं, तेव्हा दंड चोळत म्हणाला, "सासुरवाडीचा दवाखाना हाय, डाक्टर. देतील ते घ्याचं. जावयानं न्हाय कसं म्हणायचं?"

सुदैवानं ते ताकदीचं इंजेक्शन होतं. जावई त्या आठवड्यात जरा तेजस्वी दिसला, एवढंच नुकसान झालं. पण हा प्रकार ज्यांच्या दवाखान्यात घडला, ते बेळगावातल्या शहापूरचे आप्पा डॉक्टर म्हणजे औषधापेक्षा बाकावर जास्त विश्वास ठेवणारे, साऱ्या भूतलावरचे एकमेव डॉक्टर असावेत. त्यांनी मला रागावलं नाही. बाहेर आले, ओसरीवरच्या लांबलचक लाकडी बाकाकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "इथं बसायचं. एक म्हैना. नळी काढून आक्काकडं दे."

नळी म्हणजे माझा स्टेथोस्कोप. आक्का म्हणजे आप्पांच्या पत्नी, आणि दवाखान्याचा कंपाउंडर, नर्स, हिशेबनीस, फौजदार हे सगळं त्याच. त्यांनी माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला आणि पोळपाट-लाटण्याशेजारच्या खिळ्याला अडकवला. महिनाभर तो तिथंच होता. अधूनमधून त्याला पीठ लागायचं.

मी तिथं कसा पोचलो ते सांगायला हवं. ऐंशी सालाच्या पुढेमागे दिल्लीतल्या एका परीक्षा मंडळानं 'फॅमिली मेडिसिन' नावाचा तीन वर्षांचा नवा अभ्यासक्रम काढला होता आणि बेळगावातल्या ज्या धर्मादाय इस्पितळात मी होतो, त्यानं तो हौसेनं सुरू केला होता. पहिला विद्यार्थी मी. दुसरा कुणी नव्हता. हे शास्त्र नक्की कशाचं, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. हाडाचा डॉक्टर हाडं बघतो, डोळ्याचा डोळे बघतो, तसा हा कुटुंबाचा डॉक्टर कुटुंब बघणार, असं मी निपाणीला आमच्या गल्लीत समजावून सांगितलं, आणि तिथंच फसलो. आणीबाणी संपून फार दिवस झाले नव्हते. 'फॅमिली' आणि 'डॉक्टर' हे दोन शब्द एकत्र ऐकले की आमच्या गल्लीला एकच शस्त्रक्रिया आठवायची. मी सुट्टीला घरी गेलो की तीन-तीन पोरांचे बाप मागच्या दारानं तंबाखूच्या वखारीकडं सटकायचे. आई विड्या वळता वळता सगळ्यांना सांगायची, "तसला डाक्टर न्हाय गं माझा ल्योक. ह्यो सगळं बघतोय." त्यावर शेजारीण म्हणायची, "तेच म्हंते मी, सगळं बघतोय म्हनून तर ही पळाल्यात."

आमच्या घराण्यातला मी पहिला डॉक्टर. पहिला म्हणजे दहावीच्या पुढं गेलेलासुद्धा पहिलाच. आजोबा दुसऱ्यांच्या रानात राबले, आईबापांची हयात विड्यांत गेली. त्यामुळे ती तीन वर्षं माझ्या एकट्याची नव्हती, साऱ्या गल्लीची होती. आणि त्या तीन वर्षांतले सहा महिने एखाद्या प्रत्यक्ष धंदा करणाऱ्या, जुन्या, जाणत्या डॉक्टरच्या हाताखाली काढायचे, असा मंडळाचा नियम होता. त्या डॉक्टरच्या दवाखान्याला मंडळाची मान्यता लागायची. दिल्लीहून तपासनीस येणार, बघणार, पसंत पडलं तर शिक्का. नापसंत झालं तर सहा महिने पाण्यात, परीक्षेचा अर्ज रद्द, वर्ष बुडालं. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी सगळ्या शहरात चौकशी केली आणि ह्या कामासाठी एकच माणूस तयार झाला. तो तयार झाला, कारण साहेब काय म्हणतायत ते आप्पांनी नीट ऐकलंच नव्हतं. "पोरगं ठेवून घ्या" एवढंच ऐकलं आणि म्हणाले, "राहू दे की. जेवतंय किती?"

आप्पांकडं डिग्री नव्हती. स्वातंत्र्याच्या आधीची मुंबईची जुनी पदविका होती, आणि तिची चौकट दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून टांगलेली होती, कारण मागच्या कोऱ्या बाजूला आक्कांनी दुधाचा रतीब मांडला होता. दवाखाना म्हणजे शहापूरच्या एका बोळातल्या घराची ओसरी आणि पुढची खोली. दोन्ही बाजूंना माग. सकाळी आठापासून खटखट सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. नवखा माणूस त्या आवाजात छाती तपासायला लागला तर प्रत्येक पेशंटच्या काळजात हातमाग आहे असं निदान करील. मी केलं होतं. आप्पांना मात्र त्या आवाजातून सगळं ऐकू यायचं. किंबहुना आवाज थांबला की ते दचकायचे. "पलीकडचा माग थांबला बघ. जा, कोण पडलंय बघून ये," म्हणायचे, आणि खरंच कुणीतरी तापानं पडलेलं असायचं.

तर बाक. ह्या बाकावर बसून माझं काय शिक्षण व्हायचं? काही नाही. पेशंटांच्या मधोमध बसायचं, सरकून जागा द्यायची, पोरं मांडीवर घ्यायची, गप्पा ऐकायच्या. कन्नड बोलणारं कुणी आलं तर माझ्या मोडक्या कन्नडमध्ये "बर्री, कूडरी", म्हणजे या, बसा, म्हणायचं आणि हसं करून घ्यायचं. दुपारी आप्पा बाहेर यायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे. "आज बाकावर आजारी कोण हुतं?" मी कण्हणाऱ्यांची नावं सांगायचो. आप्पा कपाळावर हात मारायचे. "कण्हतंय ते आजारी असतंय व्हय? त्यो कण्हतोय म्हंजे त्याला कण्हायला सवड हाय. त्याला घेऊन कोण आलंतं ते बघिटलास काय? ती बाई. तिच्या पायाला सूज हाय. तिला कोण घेऊन येणार?" मी मान खाली घालायचो. एकदा तर मी छातीठोकपणे सांगितलं की आज बाकावरचा एक म्हातारा फारच आजारी होता, त्याचा रंग गेलाय, डोळे खोल गेलेत, श्वास मंद आहे. आप्पा म्हणाले, "ते आमचं सासरं. जेवून झोपलेत."

त्यांचं औषधही वेगळ्याच वाटेनं जायचं. एका सुनेचं डोकं सहा महिने दुखत होतं. आप्पांनी तिला गोळी दिलीच नाही. तिच्या सासूला बोलावलं, तिची नाडी पाच मिनिटं धरली, गंभीर चेहरा केला आणि म्हणाले, "तुम्हाला हवापालट पायजे, मावशी. काकतीला भनीकडं पंधरा दिवस जाऊन या." सासू काकतीला गेली, सून बरी झाली, आणि सासूसुद्धा परत आल्यावर सांगत सुटली की आप्पांच्या हाताला गुण आहे, मला किती बरं वाटलं. आणि चहा! आप्पा पेशंटच्या घरी गेले की आधी चहा मागायचे, आणि तो चुलीजवळ बसून प्यायचे. मला वाटायचं, काय हा म्हाताऱ्याचा चहाचा सोस. दिवसाला पंधरा कप. एकदा मी हिंमत करून तसं म्हणालो. आप्पा म्हणाले, "चहा कोण पितंय? खोलीला खिडकी हाय का न्हाय, पाणी कुठलं, सून उभी राहून पिती का बसून, हे बघायला काय निमित्त सांगू? सरकारी मानूस हाय म्हनून सांगू?"

मात्र ज्या गोष्टीपायी मी बुडालो, ती म्हणजे त्यांचे पुठ्ठे. नवीन साडीच्या घडीत कडकपणासाठी घालतात ना, तसले पुठ्ठे. शेजारचा विणकर ते आप्पांना आणून द्यायचा आणि आप्पा त्यावर नोंदी करायचे. माणशी कागद त्यांना मान्यच नव्हता. एका घराला एक पुठ्ठा. आणि पुठ्ठ्यावर नाव नाही. "उद्या कुणाच्या हातात पडलं तर? लोकांची अब्रू हाय ती." नावाऐवजी प्रत्येक घराची खूण. निळं दार. तुटकी पायरी. कडुलिंब. दोन म्हशी. खाली शाईच्या बारीक अक्षरांत घरातल्या साऱ्यांची गुंतावळ: 'थोरला खोकतो, कारण धाकटा रात्री माग चालवतो. आजीला सांगितलं तरच नातू गोळी घेतो. सासू बोलत नाही म्हणून डोकं.' काही पुठ्ठ्यांच्या कोपऱ्याला भोक पाडून मागावरचा लाल दोरा ओवलेला असायचा. दोनशेच्या वर पुठ्ठे होते, एका लोखंडी ट्रंकेत. मला ते दृश्य बघून लाज वाटायची. आम्हाला शिकवताना रेकॉर्ड हा शब्द प्राध्यापक फार आदरानं उच्चारायचे.

तपासणीची तारीख ठरली, तेव्हा मोठे साहेब स्वतः ओसरीवर येऊन गेले. बाक बघितलं, पीठ लागलेला स्टेथोस्कोप बघितला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, सेमिनार रूम, ग्रंथालय आणि रेकॉर्ड ह्या तीन गोष्टी ते बघणार. काहीही कर. ते पुठ्ठे दिसता कामा नयेत." सेमिनार रूमची पाटी मी ओसरीवर लावली. ग्रंथालय आप्पांकडं होतं. त्यात तीन पुस्तकं होती, एकाला मुखपृष्ठ नव्हतं आणि एक पंचांग होतं. उरलं रेकॉर्ड. पाच रविवार बसून मी त्या पुठ्ठ्यांवरून पांढऱ्याशुभ्र फायली तयार केल्या. इंग्रजीत, माणशी एक, रोगवार लावलेल्या. घर निळ्या दाराचं असेल तर नाव काय लिहायचं? बोळात हिंडून मी निळी दारं शोधली. पाच निघाली. त्यातलं मला जे जास्त निळं वाटलं त्याचं नाव घातलं. सासू बोलत नाही हा रोग कुठल्याच यादीत नसल्यामुळे तो गाळला. एका घरातले सहाजण सहा वेगळ्या कप्प्यांत गेले. फार शास्त्रीय दिसायला लागलं.

तपासणी सोमवारी होती. रविवारी आप्पा-आक्का काकतीला एका बारशाला गेले. मी रिकामं मैदान बघून ट्रंक उघडली आणि फायली आत लावल्या. आता पुठ्ठ्यांचं काय करायचं? इतक्यात शेजारच्या विणकराची बायको कुंपणावरून म्हणाली, "उद्या दुपारी व्यापाऱ्याचा टेंपो येनार आणि पुठ्ठं कमी पडल्यात बघा." दुसऱ्याची वस्तू देताना माझा हात आखडत नाही. मी सगळी थप्पी तिला दिली. ती म्हणाली, "ह्यो लाल दोरा साडीला रंग लावंल." म्हणून मी बसून दोरेही काढून दिले. किती नीटनेटका मुलगा, असं मी स्वतःबद्दल मनात म्हटल्याचं मला पक्कं आठवतं.

सोमवारी सकाळी दिल्लीचे साहेब आले. उंच, करड्या मिशा, हातात चामडी पिशवी. मोठे साहेब त्यांच्या मागं हात जोडून. आप्पांनी नेहमीप्रमाणं त्यांना आधी बाकावर बसवलं. मी फायली दाखवल्या. साहेब पानं उलटत हळूहळू मान डोलवायला लागले. मोठे साहेब माझ्याकडं बघून हसले. आयुष्यात पहिल्यांदा. तेवढ्यात एक बाई घसा धरून आली. ताप, गिळता येत नाही, टॉन्सिल टम्म सुजलेले. दिल्लीच्या साहेबांनी मला हिंदीत विचारलं, काय द्याल? मी म्हणालो, पेनिसिलिन. रेकॉर्ड बघितलंत? बघितलं की. मी रुबाबात तिची फाईल काढली, वाचली, त्यात काहीच नव्हतं. मी सुई भरली. थोडंसं टोचून चाचणी घ्यायची असते हे मला ठाऊक होतं, पण दिल्ली समोर बसलेली असताना हात झपझप चालत होते.

"थांब." आप्पा आतून भात कालवता कालवता उठून आले होते. "कुठलं घर?"

"नाव फायलीत आहे, आप्पा."

"नाव काय करू? घर कुठलं?"

बाई बारीक आवाजात म्हणाली, "मी दोन म्हशीवाली, आप्पा."

आप्पांनी ट्रंकेकडं हात नेला आणि आत फायली बघून तसाच ठेवला. "पुठ्ठा कुठाय? दोरा हाय का बघू दे."

तेव्हा मला कळलं लाल दोरा म्हणजे काय ते. लाल दोरा म्हणजे ह्या घरात कुणालातरी पेनिसिलिन सोसत नाही. म्हणजे सुई खाली ठेव. मी सुई खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. सांगताना मोठ्या साहेबांकडं बघण्याची छाती झाली नाही. आप्पांनी बाईला दुसरी गोळी दिली, मग म्हणाले, "अकरा घरं हाईत दोऱ्याची. आठ मला पाठ हाईत. तीन न्हाईत. सगळं डोक्यात राहिलं असतं तर पुठ्ठं कशाला केलं असतं मी?" आणि पायात चप्पल सरकवून शेजारी निघाले. दिल्लीचे साहेब त्यांच्या मागं निघाले. मी आणि मोठे साहेब त्यांच्या मागं.

विणकराच्या माजघरात साड्यांचे गठ्ठे रचून ठेवले होते. टेंपो यायला दोन तास होते. एकेक घडी हलक्या हातानं उघडायची, पुठ्ठा काढायचा, साडी पुन्हा तशीच घालायची. मला साडीची घडी घालता येईना, म्हणून विणकराच्या बायकोनं मला बाजूला केलं. "सरा तिकडं. इरकली घडी आनि तुमचं इंग्रजी येगळं असतंय." शेजारच्या तीन बायका मदतीला आल्या. दोरे नव्हते, पण भोकं होती, आणि दिल्लीचे ते करड्या मिशांचे साहेब जमिनीवर मांडी घालून बसले आणि प्रत्येक पुठ्ठा खिडकीच्या उजेडात धरून कोपरा तपासायला लागले. मध्येच एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारायचे, हे काय लिहिलंय? आप्पा आपल्या हिंदीत सांगायचे. "इसका बाप खोकता है, साहेब, लेकिन औषध लडके को देना. लडका रात को माग चलाता है, उसका धूळ बाप के नाक में. लडके को दिन का काम दिया, बाप बरा." साहेब पुठ्ठा खाली ठेवायचे नाहीत. दोनदोनदा वाचून घ्यायचे. 'सासू बोलत नाही म्हणून डोकं' ही ओळ एका बाईनं चुकून वाचली, तर तिघी एकदम म्हणाल्या, "ही माझी!" आणि माजघरात असं हसू उसळलं की आतली म्हातारी सासू सुनेशी महिनाभरानं बोलली, "काय झालं गं?"

दहा भोकं सापडली. अकरावं सापडेना. गठ्ठे संपले. आप्पांच्या कपाळावर घाम. लाईट गेली होती, उकाडा होता, आणि मी एवढा वेळ निदान काहीतरी उपयोगी पडावं म्हणून दिल्लीच्या साहेबांना पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. साहेबांनी वर बघितलं. बोट दाखवलं. "वो क्या है?"

माझ्या हातातल्या पुठ्ठ्याला कोपऱ्यात भोक होतं.

पुढचं आप्पांनी केलं. मागावरून लाल सूत तोडून घेतलं आणि तिथंच बसून अकराच्या अकरा पुठ्ठे ओवले. ओवताना साहेबांनी विचारलं, हा तुमचा रेसिडेंट परीक्षेला बसायला तयार आहे का? मोठे साहेब डोळ्यांनी खुणा करत होते. मी आप्पांच्या तोंडाकडं बघत होतो. त्या एका शब्दात माझं वर्ष होतं, आईची गल्लीतली मान होती. आप्पांनी गाठ मारली, दातानं सूत तोडलं आणि म्हणाले, "न्हाय. अजून न्हाय." मग पुढचा पुठ्ठा उचलत म्हणाले, "पर चूक माजी हाय, साहेब. दोऱ्याचा अर्थ ह्याला सांगायचा राहिला. मास्तर मी हाय. फेल मला करा."

साहेबांनी त्यांना फेल केलं नाही. दवाखान्याला मान्यता मिळाली, आणि शेऱ्यात त्यांनी 'रेकॉर्ड उत्कृष्ट' असं लिहिलं. माझ्या फायलींचा त्यात उल्लेख नव्हता. त्या आक्कांनी पुढं वर्षभर पुड्या बांधायला वापरल्या. मला आणखी तीन महिने शहापुरात काढायला सांगितलं. परीक्षा सहा महिने पुढं गेली. निपाणीला आईला सांगायला गेलो तर ती विडीला दोरा बांधत म्हणाली, "मंग बस की. कुठं पळून जातंय?" ते तीन महिने मी पुन्हा बाकावर बसलो. पुठ्ठ्यांची एकेक खूण घेऊन घरोघर चहा प्यालो. पोट बिघडलं, पण पाच निळ्या दारांमागची माणसं पाठ झाली. शेवटच्या दिवशी आप्पांनी माझ्या नोंदवहीत सही केली. प्रशिक्षकाचा अभिप्राय असा मोठा चौकोन होता. त्यात त्यांनी एकच शब्द लिहिला: 'बसतो.'

पुढं मी निपाणीत दवाखाना थाटला. बाकही केलं, आप्पांच्यापेक्षा हातभर लहान. सहा-सात वर्षं गेली. एके दिवशी सकाळी दवाखान्यात विडीवाल्या बायांची गर्दी होती. मी मान खाली घालून एकीचा कागद लिहीत होतो, तोवर पुढचं जोडपं आत आलं. "बसा. काय होतंय?" मी लिहिता लिहिता विचारलं. सर्दीनं बसलेला बाईचा आवाज आला, "डोकं दुखतंय रं बाबा दोन म्हैने. ह्यांनी आनलंय मला." मी डाव्या हातानं समोरचा दंड धरला, पट्टा बांधला, फुगवला, पारा उतरताना कान दिला. एकशे नव्वद. मी वर बघितलं. पट्टा आप्पांच्या दंडावर होता.

शेजारी आक्का. दोघंही चिकोडीच्या लग्नाहून परतताना उतरले होते, नंबर घेऊन तासभर माझ्या बाकावर बसले होते, आणि मला पत्ता नव्हता. आक्कांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डोकं दुखत होतं आप्पांचं. दोन महिने. ते कुणाला दाखवतील तर शपथ. म्हणून आक्कांनी स्वतःचं डोकं दुखवून घेतलं होतं. "बघा!" त्या आप्पांना म्हणाल्या, "तुमीच शिकवल्यासा न्हवं? जो घेऊन आलाय त्याच्याकडं बघायचं म्हनून? बघा, पोरानं बरोबर वळीखलं!" बाकावरच्या बायाही दारातून डोकावून माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. मी मान विनयानं झुकवली. पट्टा सोडताना आप्पांच्या दंडाकडं लक्ष गेलं. किती बारीक झाला होता तो.

त्यानंतर दर महिन्याचा पहिला रविवार मी शहापूरला काढला. बाकावर बसायचं, नंबर आला की आत जायचं, असा त्यांचाच नियम. मी पट्टा काढला की आप्पा दंड पुढं करून विचारायचे, "ह्योच हात न्हवं?" गोळ्या घ्यायचे, कारण आक्का उभ्या राहायच्या. शेजारचे माग एकेक करून बंद पडत चालले होते, आणि आवाज थांबला की आप्पा अजून दचकायचे, पण आता कुणाला बघायला पाठवायचे नाहीत. तीन वर्षं असं चाललं. आता ती लोखंडी ट्रंक माझ्या निपाणीच्या दवाखान्यात आहे. त्यात तंबाखूच्या गल्ल्यांचे माझे पुठ्ठेही पडलेत. लाल दोऱ्याची सोळा घरं माझीही झाली. पाठ पाचच आहेत.

पण त्या दिवशीचं शेवटचं सांगायचं राहिलं. दोघांना मी निपाणीच्या स्टँडवर सोडायला गेलो होतो. आक्का बसमध्ये चढल्या, खिडकीतून पुन्हा एकदा माझं कौतुक केलं. आप्पांनी पायरीवर पाय ठेवला, कंडक्टरला हातानं थांबवलं, माझ्याकडं वळले, आणि आक्कांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "डोंबल वळीखलंस! मान खाली हुती तुजी. जवळचा हात घावला, त्यो धरलास."